अंतकाळी आठवलंच नाही तर? (गीता, अध्याय ८, श्लोक ५ ते ७)



खरं तर हे चिंतन मंगळवारीच यायला हवं होतं. आपण क्रमाने वाचतोय, त्यामुळे आठव्या अध्यायाचा पाचवा श्लोक समोर आला आणि मी वही मिटून ठेवली ती दोन दिवस उघडलीच नाही. ऑफिसचं कारण सांगितलं असतं तर तुम्ही लगेच मान्य केलं असतं, पण ते कारण नव्हतं.

श्लोकाचा अर्थ तुम्हाला माहीत आहेच. शेवटच्या वेळी जो माझं स्मरण करत देह सोडतो तो मलाच येऊन मिळतो, याबद्दल शंका बाळगू नकोस, असं भगवान अर्जुनाला सांगतात. पुढच्या श्लोकात नियम सांगतात: माणूस अखेरीस ज्याची आठवण धरून जातो, त्याला तेच मिळतं. आणि सातव्यात त्यातून निघणारं काम सांगतात, की म्हणून सदासर्वकाळ माझं स्मरण ठेव आणि लढ. लहानपणापासून कीर्तनात, प्रवचनात ऐकलेले श्लोक आहेत हे. ऐकताना मला नेहमी बरंच वाटायचं. सोपा हिशोब वाटायचा. आयुष्यभर नाव घ्या, शेवटी ते आपोआप येईल.

रविवारी रात्री आजीला झोपवून बाबा बाहेर येऊन बसले. मी सोफ्यावर वही घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठला श्लोक चाललाय?" मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि अंतकाळी तिला आठवलंच नाही तर गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर आहे असं नाही. पण ज्या प्रश्नाने बाबांची झोप जाते त्याला वळसा घालून नवव्या अध्यायावर उडी मारणं मला जमेना.

आजी ८४ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. सुरुवात अगदी साधी होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं, तोच किस्सा पुन्हा सांगितला जायचा, गॅस चालू राहायचा. आम्ही हसायचो. 'वय झालं' म्हणायचो. आपल्याकडे म्हणच आहे ना, साठी बुद्धी नाठी. त्या म्हणीने आमचं दीड वर्ष खाल्लं. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण किती, याचा देशभराचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठाच आहे. पण उलटा वाचून बघा. साठीच्या पुढच्या शंभरातल्या ९२ जणांना हा आजार नाही. म्हणजे बुद्धी नाठी होणं हा साठीचा नियम नाहीच; झाली तर तो आजार असतो आणि आजाराला डॉक्टर लागतो. तुमच्या घरी कुणी एकच प्रश्न चार वेळा विचारत असेल तर आमच्यासारखे हसत बसू नका, एवढंच.

आता आजी आईला ओळखत नाही. पस्तीस वर्षं ज्या सुनेला तिने 'अगं सुमन' अशी हाक मारली, तिला ती आता 'अहो बाई' म्हणते. संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले, ऊन उतरलं, की तिची चुळबुळ सुरू होते. पिशवीत एक लुगडं आणि पोथी घालते आणि दारापाशी येऊन म्हणते, "अहो बाई, तुमचं घर फार छान आहे. पाहुणचार झाला. आता मला माझ्या घरी सोडा." मला ती तिची थोरली बहीण समजते. अक्का. त्यामुळे माझ्यावर जरा दादागिरी चालते.

निदान झाल्यावर वर्षभराने एका सत्संगात मी आजीबद्दल बोलले. तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला दुसऱ्या अध्यायातला तो प्रसिद्ध श्लोक ऐकवला. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, काम, क्रोध, मग संमोह, मग स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश. आणि पुढे म्हणाले, "कुठेतरी साठलेला राग असतो, त्याचं हे फळ." वर सल्लाही दिला, आजीसाठी क्षमाप्रार्थना करा म्हणून. मी मान डोलावली आणि घरी येऊन रडले.

आज तिथे असते तर काय म्हणाले असते? दुसऱ्या अध्यायातला स्मृतिभ्रंश म्हणजे चाव्या कुठे ठेवल्या ते विसरणं नाही. रागाच्या भरात आपण कोण आहोत, काय शिकलो होतो, समोर कोण उभं आहे, हे ज्याला आठवत नाही त्याचा तो स्मृतिभ्रंश आहे. तो तुम्हाला-मला होतो, पंचविशीत, ट्रॅफिकमध्ये, रोज. मेंदूतल्या पेशी मरण्याशी त्याची गल्लत करणं म्हणजे गीतेवरही अन्याय आणि आजारी माणसावरही.

आणि भक्ती केली की हा आजार होत नाही, असं जर कुणी सुचवत असेल तर अमेरिकेतल्या त्या नन्सचा अभ्यास जरूर आठवावा. १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन या संशोधकाने 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघातल्या नन्सबरोबर काम सुरू केलं. पुढे ६७८ जणी त्यात सामील झाल्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. अभ्यास करणाऱ्याला सोन्याहून पिवळं असं ते घर होतं: सगळ्यांचं जेवण सारखं, दारू-सिगारेट जवळपास नाही, दिनचर्या तीच, प्रार्थना तीच. मरणानंतर मेंदू तपासायला द्यायलाही त्या तयार झाल्या. (मला हे देहदानासारखंच वाटतं. शिकवण्याचं काम केलेल्या बाया, मेल्यावरही शिकवत राहिल्या.) तरी त्यांच्यातल्या कित्येकींना अल्झायमर झालाच. साठ-साठ वर्षांची उपासना असलेल्या बायकांना. आणि उलट, सिस्टर मेरी नावाच्या एक १०१ वर्षांच्या होऊन गेल्या. चाचण्यांत अखेरपर्यंत उत्तम गुण, पण मेंदू उघडल्यावर त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर. त्याच अभ्यासात, विशीत संघात येताना लिहिलेल्या छोट्या आत्मकथनांमध्ये ज्यांच्या वाक्यांत विचार दाटीने भरलेले होते, त्यांच्यात म्हातारपणी हा आजार कमी दिसला. का, याचे वेगवेगळे अर्थ लावले गेलेत. पण कमी पापी म्हणून कमी आजारी, असा अर्थ कुणी लावलेला नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिली. कमी शिक्षण, बहिरेपण, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, स्थूलपणा, नैराश्य, हालचालीचा अभाव, जादा दारू, डोक्याला मार, दृष्टी कमी होणं, हवेचं प्रदूषण, एकटेपणा. या सगळ्या सुधारता आल्या तर जगातल्या साधारण ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. तो समाजाचा हिशोब आहे, एका माणसाला दिलेली हमी नव्हे. पण यादी पुन्हा वाचा. क्रोध नाही त्यात. संचित नाही. आजी चौथीनंतर शाळेत गेली नाही कारण तिला कुणी पाठवलं नाही. तिला दहा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं आणि कानाचं मशीन 'उगाच खर्च' म्हणून राहिलं. क्षमाप्रार्थना करायचीच असेल तर ती कुणी करायची, हे तुम्हीच सांगा.

हे झालं आजाराबद्दल. त्याच्यासोबत जगताना रोज जे प्रश्न पडतात ते वेगळे असतात आणि गंमत म्हणजे ते सगळे धर्माचे प्रश्न असतात.

पहिला सत्याचा. आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. आजी मध्येच विचारते, "हे अजून आले नाहीत?" सुरुवातीला एकदा मी सरळ सांगून टाकलं, "आजी, आजोबा गेले गं." मला वाटलं, खोटं कसं बोलायचं, तेही तिच्याशी? तिने ते पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. ती कोसळली. दहा मिनिटांत ती बातमी विसरून गेली, पण रडणं थांबेना. का रडतेस विचारलं तर म्हणाली, "कळत नाही. आत काहीतरी झालंय." रात्री जेवली नाही.

नंतर कधीतरी मी आयोवा विद्यापीठातला २०१४ चा एक अभ्यास वाचला. १७ अल्झायमरचे रुग्ण आणि १७ निरोगी माणसं, त्यांना आधी दुःखद आणि मग आनंदाचे सिनेमाचे तुकडे दाखवले. थोड्या वेळाने विचारलं तर रुग्णांना पाहिलेलं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. पण मन मात्र तसंच जड किंवा तसंच हलकं राहिलं होतं. आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. मला आजीचं ते वाक्य आठवलं. आत काहीतरी झालंय. विसरली म्हणजे संपलं, असं आपण किती सहज धरून चालतो! 'तिला कुठे कळतंय' म्हणत तिच्यासमोरच तिच्या लंगोटाची चर्चा करतो, तिच्या ओळखीचं नाव पुढे करून 'सांग बघू ही कोण' अशी परीक्षा घेतो. टॉम किटवुड नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९९७ च्या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं होतं, की मेंदूच्या आजाराने माणूस जेवढा खचतो त्यात आजूबाजूची भली, प्रेमळ माणसं आपल्या वागण्याने भर घालतात. घाई करून, लहान मूल समजून, डोक्यावरून बोलून. मी यातलं सगळं केलेलं आहे.

मग सत्याचं काय करायचं? सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय: बोलणं कुणाला उद्विग्न न करणारं हवं, खरं हवं, गोड हवं आणि हिताचं हवं. चारही एकत्र. आपण बहुतेक वेळा 'खरं' तेवढं उचलतो, कारण ते सोपं असतं. बाकीच्या तिन्हींसाठी समोरच्याकडे बघावं लागतं. पण म्हणून 'येतीलच हं, बँकेत गेलेत' असं खोटं सांगायलाही माझी जीभ वळेना. आई करते ते मला पटलं. आजीने विचारलं की आई तिच्याशेजारी बसते आणि म्हणते, "आठवण आली का हो त्यांची? काय आवडायचं त्यांना?" आणि आजी सुरू होते. त्यांचा चहा, त्यांचा स्वभाव, मिरजेच्या स्टेशनवर चुकलेली गाडी. हवं असतं ते हेच, माणसाची चौकशी. तारखेची नाही. कधी कधी तेवढ्याने भागत नाही आणि ती हट्टाने विचारतच राहते. तेव्हा आई बँकेत पाठवते त्यांना. मी गप्प बसते. या बाबतीत माझ्यापेक्षा आईचं तप मोठं आहे असं मी मनाशी ठरवलंय.

दुसरा प्रश्न एकादशीचा. हा मात्र आमच्या घरात खरंच पेटला.

आजीची एकादशी म्हणजे भगर-साबुदाण्याची चंगळ नव्हे. दूध आणि एखादं केळं. लग्न होऊन आल्यापासून, साठ वर्षांहून जास्त, महिन्यातून दोनदा. बाळंतपणं आणि ऑपरेशन सोडून मोडलेली नाही. गेल्या आषाढीला दुपारी माझ्या चुलतभावाचा तीन वर्षांचा मुलगा तिच्याजवळ बसून वरणभात खात होता. तुपाचा वास आला असेल. आजी म्हणाली, "मला पण."

बाबा म्हणाले, "आई, आज एकादशी."

आजी म्हणाली, "कुणाची?"

मला हसू आलं, बाबांना नाही. आई ताट वाढायला उठली आणि बाबांनी तिला थांबवलं. म्हणाले, "आषाढी आहे. अख्ख्या जन्मात तिने मोडली नाही. शुद्धीवर असती तर मला माफ केलं नसतं तिने." आई म्हणाली, "शुद्धीवर आहेत त्या. भूक लागलीय त्यांना." मग दोघांचं जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

बाबा अडाणी हट्टाने बोलत नव्हते. त्यांच्या बाजूला चांगला युक्तिवाद आहे. रोनाल्ड ड्वॉर्किन नावाचे अमेरिकन कायदेपंडित होऊन गेले. १९९३ मध्ये त्यांनी नेमका हाच प्रश्न मांडला होता. माणूस शाबूत असताना आपल्या आयुष्याला जो आकार देतो, ज्या मूल्यांसाठी जगतो, ती त्याची खरी इच्छा. पुढे आजारात तो काहीही मागू लागला तरी आधीच्या त्या इच्छेचा मान राखला पाहिजे, कारण आयुष्य एक अख्खी गोष्ट असते आणि तिचा शेवट सुरुवातीला खोटं पाडणारा नसावा. रेबेका ड्रेसर यांनी त्याला विरोध केला: जी व्यक्ती आज, आत्ता समोर बसली आहे तिचंही सुख-दुःख खरं आहे, जी आता नाही तिच्या मतांसाठी हिला का झिजवायचं? बाबांनी ड्वॉर्किन वाचलेले नाहीत आणि आईने ड्रेसर वाचलेल्या नाहीत. पण आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी ते दोघेच भांडत होते.

शास्त्राचा आधार शोधला तर तो सोपा निघाला. एकादशीचं बंधन आठ वर्षांपुढच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसाला, असं धर्मशास्त्रात सांगितलेलं आहे. आजारी माणसालाही सूट आहेच. मी बाबांना ते दाखवलं. ते म्हणाले, "तिला माहीत होतं की ते. ऐंशीनंतरही ती स्वतःहून करत होती." म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे. शास्त्राने सोडलं होतं, तिनेच सोडलं नव्हतं.

मी सुरुवातीला बाबांच्या बाजूची होते. आता नाही. व्रताला संकल्प लागतो आणि संकल्पाला तो करणारा. आजीने साठ वर्षं जे केलं ती उपासना होती, कारण समोर भात दिसत असताना ती स्वतः नको म्हणत होती. त्या दिवशी आम्ही तिला भात दिला नसता तर एकादशी आमची झाली असती आणि उपाशी ती राहिली असती. दुसऱ्याच्या पोटावर आपल्याला व्रत करता येत नाही.

पण इथे मी थांबले तर खोटं ठरेल, कारण या युक्तिवादाला मी स्वतःच शेवटपर्यंत धरून राहू शकत नाही. समजा, उद्या तिने शेजाऱ्यांकडचं मटण मागितलं तर? जन्मभर माळकरी बाई. गळ्यात तुळशीची माळ. संकल्पाचा तोच नियम लावला तर द्यायला हवं. मी देऊ शकणार नाही. का नाही, ते मला नीट मांडता येत नाही. एवढंच कळतं की काही गोष्टी तिने आम्हाला सांभाळायला दिल्यासारख्या आहेत. तिची माळ, डोक्यावरचा पदर, परक्या पुरुषाने अंघोळ घालायची नाही हे. त्या तिला आठवत नसल्या तरी आम्हाला आठवतात, आणि त्यातलं काही राखल्याने तिला त्रास होत नाही. भूक मात्र त्या खात्यातली नाही. रेषा कुठे आहे हे रोज नव्याने बघावं लागतं, आणि कधी कधी चुकते.

भात खाताना ती मध्येच थांबली आणि आईला म्हणाली, "अहो बाई, तुम्ही जेवलात का?" त्या दिवशी आईचाही उपास होता.

आता बाबांचा प्रश्न.

स्मरण म्हणजे नेमकं काय, हे मी कधी विचारात घेतलं नव्हतं. आपण आठवणे या एका क्रियापदात सगळं कोंबतो. मेंदूचे अभ्यासक तसं करत नाहीत. काल काय जेवलो ही एक आठवण, दिल्ली राजधानी आहे ही दुसरी, सायकल चालवता येणं ही तिसरी, आणि त्यांची ठिकाणंही वेगवेगळी. अल्झायमर सहसा पहिलीपासून घाव घालतो. हातात, जिभेत मुरलेलं बराच काळ टिकतं. २०१५ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांना आढळलं की वर्षानुवर्षं ऐकलेली गाणी ओळखण्याशी संबंधित मेंदूचा भाग या आजारात तुलनेने उशिरापर्यंत शाबूत राहतो. आमच्या घरात त्यासाठी यंत्र लागलं नाही. स्वतःच्या मुलाचं नाव न सांगू शकणारी आजी संध्याकाळी बाबांनी हरिपाठाला सुरुवात केली की सगळे अभंग क्रमाने म्हणायची. बाबा मुद्दाम एखादी ओळ गाळायचे. ती हात वर करून थांबवायची.

सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, मध्येच राहून गेलेल्या साधकाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो का? भगवान उत्तर देतात की नाही, त्याचं काहीच वाया जात नाही, आणि पूर्वीचा अभ्यास त्याला ओढून नेतो, तो स्वतःच्या ताब्यात नसला तरीही. 'अवश' असा शब्द आहे तिथे. तो मी शंभर वेळा वाचला असेन, पण हरिपाठ म्हणणाऱ्या आजीकडे बघताना पहिल्यांदा दिसला. (मी 'गीतेत न्यूरोसायन्स होतंच' असं म्हणत नाहीये हं. कृपा करून तसं फॉरवर्ड करू नका. तो श्लोक पुढच्या जन्माबद्दल आहे आणि संशोधन मेंदूबद्दल.)

भागवतातला भरत राजाही मला या आठवड्यात वेगळा दिसला. राज्य सोडून उपासना केली, मग एका हरणाच्या पाडसात जीव गुंतला, मरताना तेच आठवलं आणि हरणाचा जन्म मिळाला. आपण ही गोष्ट नेहमी धाक दाखवायला सांगतो. पण पुढचं सांगत नाही: हरणाच्या देहातही उपासनेच्या बळावर त्याला मागचं सगळं स्मरण राहिलं. शेवटचा क्षण चुकला, तरी आधीची वर्षं पुसली गेली नाहीत.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दिवाळीपासून हरिपाठही जातोय तिचा. बघितलंस ना?"

बघितलं होतं. आधी एक-दोन अभंग गळाले, मग क्रम गेला, आता नुसते ओठ हलतात आणि कधी तेही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तेही जाईल. उशिरा टिकणारं म्हणजे कायम टिकणारं नव्हे. त्यामुळे 'जिभेवर मुरलंय ना, मग झालं' हा माझा दिलासा अर्ध्यावरच संपतो. उद्या ओठही हलणार नाहीत. तेव्हा?

श्रीवैष्णव परंपरेत वराह चरम श्लोक म्हणून एक वचन जपलेलं आहे. भूदेवीच्या विनवणीवर वराहरूपातले भगवान तिला सांगतात, की ज्याने मन आणि शरीर धड असताना माझं चिंतन केलं, तो पुढे मरणाच्या वेळी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला तरी त्याची आठवण मी ठेवतो आणि त्याला मीच परमगतीला नेतो. लाकूड आणि दगड, असंच म्हटलंय. मऊ केलेलं नाही. बेशुद्धीतला, काही न आठवणारा माणूस ज्याने पाहिलाय त्यालाच ही उपमा सुचेल. आणि आठवण्याचं काम तिथे बाजू बदलतं.

मग आठव्या अध्यायातला नियम खोटा का? मला तसं वाटत नाही. सातवा श्लोक नीट वाचला तर भगवान अर्जुनाला शेवटच्या क्षणाची तयारी करायला सांगतच नाहीयेत. सर्व काळ म्हणतात, आणि सोबत लढायला सांगतात. ज्याला आत्ता आठवतंय, ज्याच्या हातात आत्ता धनुष्य आहे, त्याच्याशी ते बोलताहेत. हा श्लोक माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी आहे. आजीचं लढून झालंय. आणि पंधराव्या अध्यायात तर ते म्हणतात की स्मृती आणि ज्ञान जसं माझ्यापासून येतं तसं ते निघून जाणंही माझ्यापासूनच. हा श्लोक मला अजून गिळता आलेला नाही, खरं सांगते. देणारा तो हे सोपं आहे. नेणाराही तोच, हे पिशवी घेऊन दारात उभ्या असलेल्या आजीकडे बघताना म्हणवत नाही. पण निदान एवढं कळतं, की जे गेलंय ते त्याला माहीत नसलेल्या ठिकाणी गेलेलं नाही.

बाबांना वराहाचा श्लोक मी काल सांगितला. पुन्हा एकदा सांग म्हणाले. मग वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे ते तिच्या पलंगाशेजारी बसले आणि हरिपाठ सुरू केला. तिचे ओठ हलले नाहीत. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "तुम्ही रोज येता का हो?"

"हो. रोज येतो."

"बरं करता," आजी म्हणाली.